नागपूर फक्त दवाखान्यापुरतेच का?

हरभरा घरात आला, गहू निघाला, मृग बहाराची संत्री व्यापाऱ्याने तोडून नेली किंवा नेण्याच्या बेतात आहे. होळी झाली की काटोल तालुक्यातल्या शेतकऱ्याला वर्षातली थोडीफार उसंत याच दिवसांत मिळते. पुढे लग्नसराई येते, मग नांगरटी, वखरणी आणि खरिपाची धावपळ. शाळेलाही याच काळात अधूनमधून सुट्टी असते. धुळवड, गुढीपाडवा, रामनवमी, डॉ. आंबेडकर जयंती. नोकरदार मंडळी अशा सुट्ट्या जोडून गोवा नाही तर आग्रा गाठतात. आपल्या घरात मात्र सहलीचा शब्द काढला की घरधनी विचारतो, "पैसे काय झाडाले लागले?"

संत्र्याच्या पट्ट्यात पैसे खरेच झाडाला लागतात. पण झाडावरून उतरायच्या आधीच ते वाटून जातात. मार्चअखेर सोसायटीचे भरणे, कृषी केंद्राची उधारी, तोडणीची आणि ओलिताची मजुरी. उरले तर लग्नाचा आहेर. त्यात बायकापोरांच्या फिरण्याचा रकाना कुठेच नसतो. तो असावा, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी आग्र्याला जायचे कारण नाही. तीनशे वर्षांचा इतिहास असलेले शहर आपल्यापासून साठेक किलोमीटरवर आहे.

"नागपूर? त्यात काय पाहाचं? महिन्यातून दोन खेपा जातो." हे उत्तर ठरलेले आहे. जातो हे खरे. पण कशासाठी जातो? मेडिकलला पेशंट भरती असतो म्हणून, कोर्टात तारीख असते म्हणून, कळमन्याच्या मार्केटमध्ये माल असतो म्हणून, जिल्हा परिषदेत कागद अडकलेला असतो म्हणून. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्च्यात गेलेल्यांनी विधान भवन पाहिले, तेही बॅरिकेडच्या अलीकडून. घरातल्या बाईमाणसाचे नागपूर तर याहून लहान. तिला एक तर दवाखाना माहीत, नाही तर लग्नाचा बस्ता. पंचवीस वर्षे संसार केलेल्या कितीतरी बाया अशा निघतील की ज्यांनी नागपुरात आजाऱ्याची सोबत केली, पण सुखाने चार पावले टाकली नाहीत.

ही गोष्ट हौसेपुरती असती तर सोडून देता आली असती. पण त्यात मुलांचे, त्यातही मुलींचे, नुकसान आहे. दहावी-बारावी झाली की पोरीला शिकायला नागपूरला पाठवायचे म्हटले तर घर बिचकते. शहर तिला माहीत नाही आणि तिच्या आईलाही माहीत नाही. बस कुठे थांबते, कोणता रस्ता कुठे जातो, कोणाला काय विचारावे हे तिने आईबापासोबत चार वेळा पाहिले असते, तर ती भीती निम्मी झाली असती. ओळखीच्या शहरात पोरगी पाठवताना बापाचा जीव एवढा खालीवर होत नाही.

आता खर्चाचे बोलू. बाहेरगावच्या सहलीत दोन खर्च मोठे असतात, गाडीभाडे आणि रात्रीची खोली. काटोलहून सकाळची पहिली बस धरली तर संध्याकाळी घरी परत येता येते. म्हणजे खोलीचा खर्च सुरुवातीलाच गेला. राहिले भाडे. एसटीने १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्मे तिकीट केले आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तरच्या माणसांना निम्मे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मे. आता एक घर धरा. घरधनी, त्याची बायको, सत्तर वर्षांची आई, शहात्तर वर्षांचे वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. घरधन्याचे एक पूर्ण तिकीट. बायको, आई, मुलगी आणि मुलगा यांची चार अर्धी, म्हणजे दोन. म्हाताऱ्याचे काहीच नाही. सहा माणसे आणि तीन तिकिटे. जाण्यायेण्याची मिळून सहा. तिकिटाचा आजचा दर डेपोत विचारा आणि सहाने गुणा, भाड्याचा हिशेब संपला. म्हाताऱ्या माणसांचे आधार कार्ड मात्र आठवणीने सोबत घ्यावे, वयाचा पुरावा लागतो. आणि ही सवलत एसटीची आहे, शहर बसला ती चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पोटाचा खर्च घरूनच कमी होतो. पोळ्या, झुणका, ठेचा, कांदा आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्या बांधून घ्याव्यात. एक वेळचा नाश्ता मात्र शहरात करावा. नागपूरला जाऊन तर्री पोहे न खाता परत येणे बरे नव्हे, आणि घरच्या बाईला त्या दिवशी एक वेळ तरी आयते खायला मिळाले पाहिजे. मुलांच्या हौसेसाठी घरून निघतानाच एक रक्कम ठरवून वेगळी ठेवावी आणि ती मुलांच्याच हातात द्यावी. मग ती जपून खर्च करतात, दर दुकानापुढे हट्ट धरीत नाहीत. हे सगळे पैसे एकदम काढायला जड जातात. कापूस-सोयाबीन विकल्यापासून महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तर पाच महिन्यांत हजार होतात. उसने काढून किंवा पीक कर्जातून काढून सहल करू नये. तशी सहल वर्षभर डोक्यावर बसते.

पाहायचे काय, हा खरा प्रश्न. मुलांना नुसत्या इमारती दाखवल्या तर ती कंटाळतात. त्यांना आपल्या वावराशी जोडून सांगावे लागते.

हे नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने. देवगड म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला, छिंदवाडा जिल्ह्यातला किल्ला. तिथल्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून शहराचा पाया घातला. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने इथे राजधानी आणली, शहराला कोट घातला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. कोटाचा जुम्मा दरवाजा म्हणजे महालातले आजचे गांधी गेट. दोन्ही पाहायला पैसे पडत नाहीत. आपल्या तालुक्यातल्या आदिवासी मुलांना तर हे आवर्जून दाखवावे. उपराजधानी म्हणून मिरवणारे शहर गोंड राजांनी उभे केले, हे पुस्तकात एका ओळीत वाचणे वेगळे आणि त्या वेशीखाली उभे राहणे वेगळे.

पुढे राज्य भोसल्यांकडे आले. आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपे आणवून नागपुरात लावली असे सांगतात. ज्या झाडावर काटोल-नरखेडचे संसार चालतात, ते असे राजाच्या बागेतून आपल्या वावरात आले. मग नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि राज्याची रया गेली. १८५३ साली तिसरे रघुजी वारले, गादीला वारस नव्हता. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले.

कापूसवाल्यांनी एम्प्रेस मिलची जागा पाहावी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. मुंबई सोडून ते इकडे आले, कारण कापूस इथे पिकत होता आणि रेल्वे दहा वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, नागपूरपर्यंत पोचली होती. आपल्या भागातल्या कापसाचे कापड इथेच विणले जात होते. २००२ साली मिल बंद पडली. तिच्या जागी आता मॉल उभा आहे. पोराने विचारले, "बाबा, आता आपला कापूस जाते कोठी?" तर बापाला उत्तर द्यायला थोडा विचार करावा लागेल. तो करायला हरकत नाही. संत्र्याच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे.

सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, मुलांना हमखास आवडतो. तिथून महाराजबाग लांब नाही. ती भोसल्यांची बाग, आता कृषी विद्यापीठाकडे आहे आणि तिथे प्राणिसंग्रहालय आहे. सोमवार टाळून जावे, त्या दिवशी अशी ठिकाणे सहसा बंद असतात. झिरो माइलचा दगड जवळच आहे आणि तिथेच मेट्रोचे स्टेशन आहे. मेट्रोत एक फेरी मुलांना जरूर घडवावी. उन्हाच्या वेळी थंड डब्यात बसून वरून सगळे शहर दिसते, म्हाताऱ्यांच्या पायांनाही विसावा मिळतो.

दीक्षाभूमी सायंकाळी ठेवावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य स्तूप २००१ साली लोकांसाठी खुला झाला. गावातले बौद्ध कुटुंब तिथे जातेच. बाकीच्यांनीही आपली मुले घेऊन जावे. एवढी मोठी घटना आपल्या जिल्ह्यात घडली आणि आपल्या पोरांना ती जागाच माहीत नाही, हे काही बरोबर नाही.

एवढे सगळे एका दिवसात होणार नाही, करूही नये. तीन-चार ठिकाणे निवडावीत, बाकीची पुढच्या वर्षी. रामटेकला तर स्वतंत्र दिवस द्यावा. सकाळी लवकर निघून दुपारी बारा ते चार सावलीत काढावे. डोक्याला दुपट्टा असावा. चैत्रातले आपले ऊन हसण्यावारी नेण्याजोगे नसते.

आता अडचणी. पहिली, "ढोरं कोण पाहीन?" पेरणीला, सोंगणीला आपण इर्जिक करतो. तेच इथे करावे. या रविवारी तुमची ढोरे शेजाऱ्याने पाहावीत, पुढच्या रविवारी त्याची तुम्ही. दूध काढणे, चारापाणी, ओलिताची पाळी एवढेच तर काम. दुसरी अडचण, "लोक काय म्हणतीन? कर्ज आहे अन् फिरून राहिला." हे बोल खरेच ऐकावे लागतात. पण ज्या घरात तेरवीला, बारशाला दोन-दोनशे पाने उठतात, तिथे कोणी कर्जाची आठवण काढत नाही. त्या एका पंगतीच्या खर्चात हे कुटुंब कितीदा नागपूर पाहून येईल, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी मांडावा. आणि बाग वाळण्याच्या, भाव पडण्याच्या काळजीने माणूस आतल्या आत कुढत बसतो, तेव्हा बायकापोरांसोबतचा एक मोकळा दिवस त्यालाही लागतो. त्याने कर्ज फिटणार नाही हे खरे, पण घरात चार शब्द हसून बोलले जातील.

शेवटी दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांसाठी. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या दरात गाडी देते. मुख्याध्यापकांनी वेळेत परवानगीचे कागद केले तर ही सहल गरीब घरच्या पोरालाही परवडते. वर्गणी न देऊ शकणाऱ्या चार-पाच मुलांचा भार ग्रामपंचायत सदस्यांनी आणि गावातल्या नोकरदारांनी मिळून उचलावा. बचत गटाच्या बायांनीही आपली गाडी ठरवावी. निम्मे तिकीट त्यांच्या हक्काचे आहे.

सीताबर्डीच्या किल्ल्याची गोष्ट मात्र प्रशासनाने ऐकावी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो लोकांना पाहू देण्याची पद्धत आहे. नेमके हेच दिवस गावात झेंडावंदनाचे आणि ग्रामसभेचे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक आणि जागरूक गावकरी त्या दिवशी गाव सोडू शकत नाहीत. म्हणजे ग्रामीण माणसाला हा किल्ला जवळजवळ बंदच. त्यांच्यासाठी होळी ते रामनवमीच्या दरम्यान एखादा रविवार ठरवून द्यावा, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लष्कराकडे करता येईल. येत्या ग्रामसभेत दहा-वीस गावांनी तसा ठराव घेतला तर मागणीला वजन येईल. ठरावाला खर्च काहीच नाही.

तोवर घरच्या हिशेबाच्या वहीत सोसायटी, औषध आणि मजुरी यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी, "नागपूर पाहणे". आणि रक्कम किती टाकायची ते एकदा घरच्या बाईला विचारून ठरवावे.