पडीक वाडीला हात लावण्यापूर्वी

कोकणातल्या खाडीकाठच्या कोणत्याही मोहल्ल्यात फेरी मारली, तर कुलूप लावलेली घरे दिसतात. माणसे मुंबईला, मुंब्र्याला, कुवेतला, दुबईला. घरामागचे परसू मात्र जिथल्या तिथे. जिथे पूर्वी अळू, वाल आणि पडवळाचे मांडव असायचे, तिथे आज रानमोडी आणि घाणेरी डोक्याच्या वर गेलेली असते. आणि त्याच्या शेजारच्या घरात घाटावरून टेम्पोने आलेली भाजी विकत घेतली जाते.

हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा, की ज्याच्याजवळ जमीन आहे त्याने ती स्वतः कसावी, नाहीतर आपल्या भावाला कसायला द्यावी. इतकी सोपी शिकवण असूनही जागा पडीक का राहतात? कारण मालकाच्या मनात भीती असते. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना त्यातून न्याय मिळाला. पण तेव्हापासून "दुसऱ्याला कसायला दिली की गेली" ही समजूतही घराघरांत बसली. म्हणून लोक जमीन ओसाड ठेवतील, पण शेजाऱ्याला देणार नाहीत. ही भीती काढायची जबाबदारी मागणाऱ्याची आहे.

आमच्या घरामागची तीन गुंठे जागा अशीच कित्येक वर्षे पडून होती. ती मागायचे ठरले, तेव्हा आम्ही आधी सातबारा काढून पाहिला. त्यावर पाच नावे होती, तीन भाऊ आणि दोन बहिणी. मोहल्ल्यात जो तो म्हणाला, "मोठ्या भाईंना विचारलंत की झालं." आम्ही पाचही जणांना फोन केले. भावांनी दोन मिनिटांत होकार दिला. पनवेलला दिलेल्या धाकट्या आपा मात्र थोडा वेळ गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "अब्बा गेल्यानंतर त्या जागेबद्दल मला कुणी काही विचारलं, असं हे पहिल्यांदाच." त्यांची अट एकच होती. विहिरीजवळ त्यांच्या अम्मींनी लावलेले मेंदीचे झाड तोडायचे नाही.

आईवडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा जास्त, मुलींचाही हिस्सा आहे, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागले म्हणजे तो हक्क पुरा झाला असे आपण समजतो. पण ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला विचारणे हाही त्या हक्काचाच भाग आहे.

त्यानंतर आम्ही एक कागद केला. जागा फक्त घरच्या भाजीपाल्यासाठी, मुदत दोन वर्षे, भाडे नाही, वाटा नाही. पक्के बांधकाम करायचे नाही, आंबा-काजूसारखी कायमची झाडे लावायची नाहीत, पीक पाहणीत आमचे नाव लावायचे नाही आणि मालक म्हणतील तेव्हा जागा मोकळी करायची. पाचही जणांच्या सह्या घेतल्या. मुदतीचा कर्जव्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तीच शिस्त जागेच्या व्यवहारातही ठेवली, तर पुढच्या पिढीत वाद राहत नाही. जागा मोठी असेल किंवा आधीच तंटा चालू असेल, तर वकिलाला कागद दाखवूनच पुढे जावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आम्ही दिवाळीची सुट्टी निवडली. पाऊस संपलेला असतो, जमिनीत ओल असते, त्यामुळे मुळे सहज उपटून येतात. दुसरे कारण म्हणजे रानमोडी थंडीत फुलते आणि मग तिचे बी वाऱ्याने पसरते. फुलण्याआधी तोडली तर पुढच्या वर्षीचा त्रास कमी होतो.

पहिल्या दिवशी कुणी हात घालून काही उपटायचे नाही. कोकणात दगडांखाली आणि पाचोळ्यात फुरसे असते. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात लांब काठी, आणि मुले बांधाच्या बाहेर. आम्ही कडेपासून आत कोयत्याने तोडत गेलो, मग कुदळीने खोडक्या काढल्या. फुटक्या बाटल्या आणि गंजलेली तार निघाली, ती वेगळ्या पोत्यात भरली. जांभ्याचे सुटे दगड निघाले, त्यांचा उताराच्या बाजूला गडगा रचला. पावसात माती वाहून जाण्याला त्याने अटकाव होतो.

तोडलेले रान जाळू नये. राख मिळते खरी, पण कुजून माती होणारा सगळा पाला जातो आणि वाऱ्याने ठिणगी शेजारच्या बागेत पोचू शकते. आम्ही एका कोपऱ्यात खड्डा केला. पाला, शेण आणि थोडी माती असे थर रचले, वर झावळ्या टाकल्या. असे खत चार-सहा महिन्यांत तयार होते. तिन्ही गुंठे एकदम खणायचा हट्टही धरला नाही. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेवढाच आधी घेतला, बाकीच्या जागेवर पाल्याचे आच्छादन टाकून ठेवले.

जांभ्याची लाल माती बहुधा आम्लधर्मी असते, म्हणून कुणी सांगितले म्हणून चुना टाकू नये. आधी माती तपासून घ्यावी. सहा-आठ ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती खरवडावी, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यावी. अहवाल येईल त्याप्रमाणे चुना आणि खत.

साफसफाई करताना झाडीत हद्दीचा दगड सापडला, एका बाजूला कललेला. तो आम्ही सरळ केला नाही. पलीकडच्या चाचांना बोलावले, त्यांच्यासमोर जसा होता तसा ठेवला. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे ओझे पडेल, असा प्रेषितांचा (स.) इशारा आहे. दुसऱ्याच्या जागेत कुदळ चालवताना तो लक्षात ठेवावा.

पहिल्या हंगामात लाल माठ, मुळा, चवळी आणि वाल घेतला. माठ महिन्याभरात ताटात आला. पावसाच्या तोंडावर मांडव घालून दुधी लावला. प्रेषितांना (स.) दुधी आवडायचा, हे मुलांना सांगितल्यावर त्यांची नाके मुरडणे जरा कमी झाले. माकडांनी एका सकाळी अर्धा मांडव साफ केला. मुसलमानाने लावलेल्या रोपातून पक्ष्याने, जनावराने किंवा माणसाने खाल्ले तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, हे अम्मींना ठाऊक होते. म्हणाल्या, "सदका गेला, पण जरा मोठाच गेला." दुसऱ्या दिवशी जुनी जाळी आणून त्यांनीच बांधायला लावली.

वाटा द्यायचा नाही असे कागदावर होते, तरी वाल तयार झाला तेव्हा पनवेलला जाणाऱ्या एसटीतून आपांसाठी पिशवी पाठवली, वर मेंदीच्या डहाळ्या ठेवून. आता त्याच दर महिन्याला फोन करतात आणि विहिरीत पाणी किती आहे ते विचारतात.

तुमच्या घराशेजारीही असा एखादा तुकडा असेल. येत्या जुम्याच्या नमाजनंतर मालकाचा नंबर मिळवा आणि फोन करा. आणि सातबाऱ्यावर जितकी नावे असतील, तितके फोन करा.