वाचलं, पण कळलं का?

बालदोस्तांनो,

आज सुरुवातीलाच एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, मार्क नाहीत! खालचा उतारा मोठ्यानं वाचा बघू.

'आधी आतली हळूच बाहेर काढावी. तिला फुगवून पाण्यात बुडवावी. ती जिथं बोलेल तिथं खूण करावी. मग ती जागा पुसावी, घासावी आणि वर तुकडा बसवावा. घाई केली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एकच जागा निघाली तर ठीक, तीन-चार निघाल्या तर मात्र खिसा हलका!'

एकही शब्द अडला नाही ना? मग सांगा, हे कशाबद्दल आहे? काहींनी ओळखलंही असेल, पण बरेच जण डोकं खाजवत असतील. शीर्षक सांगते : 'सायकलचं पंक्चर'. आता पुन्हा वाचा. 'ती' म्हणजे ट्यूब, आणि तिचं 'बोलणं' म्हणजे पाण्यात येणारे बुडबुडे. शब्द तेच, पण आता चित्र दिसायला लागलं की नाही?

अशीच गंमत अमेरिकेत जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी केली होती. त्यांनी १९७२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा उतारा कपडे धुण्याबद्दल होता. काही जणांना विषय आधी सांगितला, काहींना नंतर, काहींना सांगितलाच नाही. ज्यांना आधी माहीत होता, त्यांना उतारा नीट कळला आणि जास्त आठवलाही. नंतर सांगितलेल्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. म्हणजे वाचताना नुसते डोळे चालून भागत नाही; आपल्याला आधी जे माहीत आहे, तेही सोबत घ्यावं लागतं.

हे मला एका मुलानं शिकवलं. पाचवीत होता. वाचन असं धडाधड, की वर्गात पाहुणे आले की मी त्यालाच उभं करायची. सहामाहीत गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरणांच्या जागा त्यानं कोऱ्या सोडल्या. मी त्याला जवळ बोलावलं. "४८ भागिले ६ किती?" "आठ, बाई!" उत्तर तयार. मग तेच उदाहरण वाचायला दिलं : ४८ आंबे, ६ टोपल्या, प्रत्येकीत सारखे. न चुकता वाचलं. "मग काय विचारलंय?" तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, वाचलं ना मी!"

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. आम्ही त्याला 'छान वाचतोस' म्हणत राहिलो, 'काय कळलं?' हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. अॅनमरी पॅलिंक्सार आणि अॅन ब्राउन या दोन संशोधक बाईंनी तो सातवीच्या अशाच मुलांबरोबर करून पाहिला. वाचताना न अडणारी, पण अर्थ न लागणारी मुलं. १९८४ साली त्यांनी तो लिहून प्रसिद्ध केला. एक परिच्छेद वाचायचा, थांबायचं आणि चार कामं करायची :

१. या परिच्छेदावर एक प्रश्न तयार करायचा. 'का' किंवा 'कसं'नं सुरू होणारा असेल तर उत्तम.
२. अडलेला शब्द किंवा वाक्य सगळ्यांनी मिळून सोडवायचं.
३. परिच्छेद आपल्या शब्दांत एक-दोन वाक्यांत सांगायचा.
४. पुढं काय येईल, याचा अंदाज करायचा.

सुरुवातीला बाई करून दाखवतात. मग पाळीपाळीनं मुलंच 'बाई' किंवा 'गुरुजी' होतात! चौघांचा गट असेल तर एकेकाला एकेक काम द्या, पुढच्या परिच्छेदाला कामं बदला.

"पण बाई, वाचायला रोज नवं आणायचं कुठून?" अहो, इंटरनेटवर फुकट खजिना पडलाय! प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. तिथं मराठीसह कितीतरी भाषांत चित्रांच्या गोष्टी आहेत. त्यांच्या चार पातळ्या केल्या आहेत : पहिली नुकतंच वाचू लागलेल्यांसाठी, चौथी सराईतांसाठी. गोष्ट उतरवून घ्या, छापा, वाटा, परवानगी आहे. फक्त लेखक-चित्रकारांची नावं द्यायला विसरू नका. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत शेजारीशेजारी वाचून बघा, अडलेलं इंग्रजी आपोआप उलगडतं.

१९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही नेटवर मोफत मिळतात. आई-बाबांनी लहानपणी वाचलेला अंक शोधा आणि त्यांना आठवणी विचारा. माहितीपर उतारा हवा असेल, तर मराठी विश्वकोशातली एखादी नोंद घ्या. ती थोडी जड असते. म्हणून एका वेळी एकच परिच्छेद, आणि दुसरं काम जरा जास्त!

वर्गात एकच फोन असेल तरी चालेल. एक परिच्छेद फळ्यावर लिहिला की चाळीस जणांचं काम झालं. नेट नसेल तिथं गोष्ट आधीच उतरवून ठेवावी. एक लक्षात ठेवा : शंभर गोष्टी फोनमध्ये साठवल्या म्हणून शंभर गोष्टी कळत नाहीत. आठवड्याला दोनच घ्या, पण थांबत थांबत.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. संध्याकाळी 'किती पानं झाली?' असं विचारू नका. 'त्यानं असं का केलं असेल रे?' असं विचारा. मूल म्हणालं, 'मला नाही कळलं,' तर रागावू नका. ते अडलंय हे त्याचं त्याला समजलं, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. आमच्या त्या पाचवीतल्या मुलाला हेच वाक्य म्हणायची भीती वाटत होती. ते तो बिनधास्त म्हणायला लागला आणि मग उदाहरणं सुटू लागली.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा उद्योग : पंक्चरसारखाच एक उतारा तुम्ही तयार करा. शीर्षक लपवा. पोळी लाटणं, पतंगाला कण्णी बांधणं, काहीही चालेल. मित्राला वाचायला द्या आणि विचारा,

"वाचलंस, पण कळलं का?"

तुमची,
बाई