‘दिव्होर्त्सिओ’चें भाषांतर

इंग्रजी ‘डिव्होर्स’ व इटालियन ‘दिव्होर्त्सिओ’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन आईच्या पोटचे. कोश उघडला कीं एकासमोर दुसरा उभा. तेव्हां यांचें भाषांतर म्हणजे पोरखेळ, असें कोणासही वाटेल. परंतु भाऊ सख्खे असले म्हणून त्यांचीं वतनें सारखींच असतात असें नव्हे, हें ज्यांनीं कोर्टाचे कागद चाळले आहेत त्यांस सांगावयास नको. विवाहाच्या कागदांत एक शब्द चुकला, तर मोकळी झालों असें समजणारी स्त्री कायद्यानें पहिल्याच नवऱ्याची बायको राहते, आणि दुसरें लग्न लावतांच द्विविवाहाच्या गुन्ह्यांत सांपडते.

इटलीच्या १८६५ च्या दिवाणी संहितेनें लग्न सरकारी दप्तरांत आणलें, पण तें तोडण्याची वाट ठेविली नाहीं. नवराबायकोंनीं फार तर ‘सेपरात्सिओने’ मिळवावी, म्हणजे वेगळें राहावें. एक मरेपर्यंत दुसऱ्यास लग्न नाहीं. १९६१ सालीं पिएत्रो जेर्मी यांनीं ‘इटालियन पद्धतीचा दिव्होर्त्सिओ’ अशा नांवाचा चित्रपट काढला. त्यांतला नवरा सुटकेसाठीं बायकोच्या खुनाचा बेत रचतो. कारण अब्रूसाठीं केलेल्या खुनास त्या वेळचा कायदा सौम्य शिक्षा देई! नांवाचें इंग्रजी भाषांतर शब्दाला शब्द बरोबर झालें. पण त्या देशांत दिव्होर्त्सिओ नांवाची वस्तूच नव्हती, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास त्यांतला डंख कसा लागावा?

पुढें १ डिसेंबर १९७० रोजीं कायदा झाला. लोक त्यास दिव्होर्त्सिओचा कायदा म्हणतात, पण त्याच्या मथळ्यांत तो शब्द नाहीं. तेथें ‘शोल्यिमेन्तो’, म्हणजे गांठ सोडणें, असा शब्द आहे. लग्न चर्चमध्यें लागलें असेल तर कोर्ट गांठ सोडीत नाहीं, केवळ त्या लग्नाचे ‘दिवाणी परिणाम’ संपल्याचें जाहीर करतें. १९२९ च्या पोपशीं झालेल्या करारानें चर्चमधील विवाहास दिवाणी परिणाम मिळाले होते. तेवढेच सरकारनें परत घेतले. कायदा रद्द करावा काय, असें १९७४ सालीं जनतेस विचारलें, तेव्हां शेंकडा ५९ मतदारांनीं ‘नको’ म्हणून उत्तर दिलें.

आतां ‘शोल्यिमेन्तो’साठीं इंग्रजींत ‘डिझोल्यूशन’ लिहिणारा भाषांतरकार शब्दास इमानी ठरेल, अर्थास नाहीं. इंग्लंडांत तो शब्द आज ‘सिव्हिल पार्टनरशिप’ मोडण्याकरितां योजितात. लग्नाकरितां ‘डिव्होर्स’च लिहिला पाहिजे. उलट, जुन्या इंग्रजी कागदांतला ‘डिव्होर्स’ दिसतांच ‘दिव्होर्त्सिओ’ लिहिणें हीही तितकीच मोठी चूक होय. १८५७ पूर्वीं धर्मकोर्टें ‘शय्या व भोजन यांपासून डिव्होर्स’ देत, त्यानें पुनर्विवाहाची मोकळीक मुळींच मिळत नसे. त्या वर्षींच्या कायद्यानें त्यास ‘न्यायिक विभक्तता’ हें खरें नांव दिलें. असल्या डिव्होर्सचें इटालियन ‘सेपरात्सिओने’च होय.

सर्वांत धोका याच शब्दांत आहे. इटलींत सामान्यतः आधीं विभक्तता, मग घटस्फोट. मधली मुदत १९७० सालीं पांच वर्षें होती, १९८७ सालीं ती तीनवर आली, आणि २०१५ पासून तंटा असल्यास एक वर्ष व संमति असल्यास सहा महिने एवढी उरली. तेवढ्या काळांत बायको ती बायकोच.

इटालियनांस हंसण्याचें आम्हांस कारण नाहीं. ज्या ‘घटस्फोट’ शब्दावर आमचें काम चालतें, तो मूळचा पतिताला वाळींत टाकतांना घडा फोडण्याच्या विधीचा; ‘काडीमोड’ हा लोकांतला शब्द त्याहून सरळ होता. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतही न्यायिक विभक्तता व घटस्फोट हीं दोन निराळीं आहेत. पण बोलण्यांत दोहोंचीही ‘घटस्फोट’ अशीच वासलात लागते.

आमचेही लोक हल्लीं त्या देशांत जाऊन राहतात. त्यांनीं असला कागद भाषांतरास देतांना एकच विचारावें: या निकालावर पुन्हां लग्न करतां येतें काय? मूळ शब्द, तारीख, आणि निकाल कायम झाल्याचा शेरा हीं भाषांतरांत जशींच्या तशीं उतरलींच पाहिजेत. त्यासाठीं भाषांतरकारानें चार रुपये अधिक मागितले, तर ते खुशाल द्यावे.