कुंपणापलीकडचा ‘बाधित’

एमआयडीसीच्या कुंपणाच्या आतला नकाशा एका कार्यालयात मिळतो आणि बाहेरचा दुसऱ्यात. आत एमआयडीसी हेच विशेष नियोजन प्राधिकरण. बाहेर कुठे महापालिका, कुठे सिडको, कुठे महानगर प्रदेश प्राधिकरण. शहराच्या विकास योजनेत औद्योगिक वसाहतीची हद्द तेवढी उमटते, वसाहतीच्या आराखड्यात हद्दीबाहेरची घरे उमटत नाहीत. छत्रपती संभाजीनगरात गेली चाळीस वर्षे माणसे या दोन कागदांच्या मधल्या फटीत राहायला येत आहेत.

1985मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्यामागे पुरवठादार आले, त्यांच्यामागे कामगार. बजाजनगर आखून वसले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी गुंठ्यागुंठ्याने भरत गेली. ‘कारखाने आधी होते, घरे नंतर आली’ हे वाक्य तक्रारींच्या सुनावणीत हमखास ऐकू येते. ते खरे आहे, पण त्याने आपली, नगररचनाकारांची, सुटका होत नाही. कारखान्याला हात लागणार हे ठाऊक असताना त्या हातांनी रात्री कुठे टेकायचे, हे आराखड्यात दाखवणे आपलेच काम होते. 31 डिसेंबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. औद्योगिक भूखंडावर माणसे झोपतात, हे कुठल्याच नकाशात नव्हते.

चिकलठाण्यात प्रवाह उलटा वाहिला. तिथे वसाहतीच्याच जमिनीवर मॉल उभा राहिला, शेजारी गृहसंकुले आली. आय-टू-आरचे, म्हणजे औद्योगिक जमीन निवासी करण्याचे, प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांनी स्वतः तयार केले आहेत. नवा रहिवासी कर्ज काढून घर घेतो, आणि खिडकीसमोरच्या शेडमध्ये उद्या काय सुरू होऊ शकेल, हे त्याला विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही.

खरी अडचण इथेच आहे. शेडमधले उत्पादन बदलते, क्षमता वाढते, प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत नारिंगीतला उद्योग अधिक प्रदूषणाच्या लालमध्ये जातो; जमिनीचा झोन मात्र नकाशात जांभळाच, म्हणजे औद्योगिकच, राहतो. झोन बदलला नाही म्हणून फेरबदलाची प्रक्रिया नाही, आणि प्रक्रिया नाही म्हणून शेजाऱ्याला नोटीस नाही. झोन बदलायचा असतो तेव्हाही चित्र फारसे वेगळे नसते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966च्या कलम 37मध्ये हरकती मागवण्याबरोबरच प्रस्तावाने बाधित होणाऱ्या सर्वांना नोटीस देऊन त्यांचे ऐकून घेण्याची तरतूद आहे. ‘बाधित’ म्हणजे ज्याच्या सातबाऱ्याला हात लागतो तो, असा अर्थ आपण सवयीने लावत आलो. डोंबिवलीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन्ही दिवशी स्फोट कारखान्यात झाले, काचा मात्र कुंपणाबाहेरच्या इमारतींच्याही फुटल्या. कलमात ‘सर्व’ हा शब्द आहे. तो शेजाऱ्यापर्यंत नेण्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. नोटिशींची यादी करणाऱ्याने कुंपणापलीकडचे गट क्रमांकही त्यात लिहावेत, इतकेच.

उद्यानांविषयी थोडे कठोर बोलायला हवे, कारण ही चूक आपल्या टेबलावर होते. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. कारखान्याला लागून असलेल्या जमिनीत ती जागा नेमकी कुंपणाच्या कडेला ढकलण्याचा मोह होतो: घरांना अंतर मिळते, कमी भावाचा तुकडाही मार्गी लागतो. मग संध्याकाळी मुले धापा टाकत खेळतात ती लेआउटमधली सर्वांत वाईट हवेची जागा ठरते. अंतर राखणारी झाडांची पट्टी वेगळी आणि खेळाचे मैदान वेगळे. एकच जमीन दोन्ही खात्यांत मोजू नये, आणि ती पट्टी जो नंतर येतो किंवा वाढतो त्याने स्वतःच्या भूखंडातून सोडावी. मग तो कारखाना असो वा बिल्डर.

या शहराला वाऱ्याचाही विचार टाळता येणार नाही. वाळूज पश्चिमेला, चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला. पावसाळ्यात वारा वाळूजवरून शहराकडे येतो. हिवाळ्यात, धूर खाली रेंगाळतो त्या दिवसांत, तो बहुतेक पूर्वेकडून येतो. दोन्ही बाजूंना सारखेच शंभर मीटर सोडून काम भागणार नाही. झोन ठरवणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला हवामान खात्याचा वातदर्शक आलेख जोडला पाहिजे, आणि तो न जोडलेला प्रस्ताव आपण सहीविना परत पाठवला पाहिजे.

पैठण रस्त्यावर अजून वेळ गेलेली नाही. ऑरिक या औद्योगिक नगरीच्या सुमारे दहा हजार एकरांपैकी मोठा हिस्सा याच रस्त्यावरच्या बिडकीनमध्ये आहे, आणि टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024मध्ये राज्याशी केलेल्या सामंजस्य करारानंतर भोवतालच्या शिवारांचे भाव कुणाला सांगायला नकोत. ऑरिकच्या हद्दीत उद्योगाबरोबर घरांसाठीही जमीन राखलेली आहे. हद्दीबाहेर, बिडकीन आणि निलजगावच्या शिवारात, तशी राखण कुणी केलेली नाही. तिथले लेआउट येत्या काही वर्षांत मंजुरीसाठी येतील. ते तपासताना ऑरिकचा नकाशा मागवून त्याच टेबलावर शेजारी उलगडावा, आणि हद्दीपलीकडच्या भूखंडावर कोणत्या वर्गाचा उद्योग येऊ शकतो, ते मंजुरीच्या नकाशावर घर घेणाऱ्याला वाचता येईल अशा मराठीत लिहावे.