आधी टाळी, मग पाटी

मुलाला वाचायला शिकवायचे तर घरात पुस्तके हवीत आणि आईबाप शिकलेले हवेत, असे आपण धरून चालतो. मग ज्या घरात यातले काहीच नाही, त्या घराकडून कोणी अपेक्षाच ठेवत नाही. हा त्या घरावर अन्याय आहे. वाचनाची सुरुवात कानापासून होते, आणि कान तयार करायला टाळ्या, उड्या, गाणी पुरतात. ऑक्सफर्डच्या मोराग मॅक्लीन, पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली यांनी 1980च्या दशकात तीन वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून हे तपासले. ज्यांना बडबडगीते जास्त येत होती, त्यांची ध्वनींची जाण चांगली निघाली आणि पुढे वाचनही; बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला.

ती मुले इंग्रजी बोलणारी होती, त्यामुळे तो निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपली लिपी अक्षरागणिक चालते आणि टाळीही तशी वाजवता येते. ‘भाकरी’ घाईत म्हटली तर दोनच टाळ्या पडतात, कारण मधला ‘क’ बोलताना अर्धवट होतो. सावकाश म्हटली की तीन पडतात: भा, क, री. पाटीवरही तीनच अक्षरे असतात. मग अंगणात खडूने तीन चौकोन आखावेत, एकेकात एक अक्षर लिहावे आणि मुलाने ते म्हणत उड्या माराव्यात. चार वर्षांच्या मुलासाठी मला तासभर गिरवण्यापेक्षा हा अभ्यास मोलाचा वाटतो.

आईला वाचता येत नसेल तर? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता सुमारे 76 टक्के होती, म्हणजे प्रश्न खरा आहे. पण झिम्मा, फुगडी, भोंडल्याची गाणी येणाऱ्या बाईकडे ताल आणि यमकांचा मोठा साठा असतो. चौकोनातली अक्षरे थोरली बहीण किंवा शेजारचा पाचवीतला मुलगा काढून देईल, आणि मुलाबरोबर आईही ती ओळखू लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गाणी, खेळ आणि परिसरातल्या वस्तू यांच्या आधारेच बालशिक्षण उभे केले.

नुसत्या उड्या मारून वाचता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. हातपाय ठरावीक पद्धतीने हलवले की मेंदूचे दोन भाग जोडले जाऊन वाचन सुधारते, असे सांगणारे वर्गही निघाले आहेत. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. हालचालीने मुलाचे लक्ष ध्वनीवर येते, एवढेच तिचे काम. त्यानंतर छापील मजकूर समोर यायलाच हवा: मिठाची पिशवी, एसटीची पाटी, जमेल तेव्हा गोष्टीचे पुस्तक. शेतावरून थकून आलेल्या बाईवर आणखी एक काम लादायचे का, असेही कोणी विचारील. भाकऱ्या थापता थापता ती शब्द सांगू शकते, टाळ्या मूल वाजवील; आणि शब्द सांगायला बापही आहेच. शाळेवर सोडून भागेल अशी स्थिती नाही. 2024च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. 2022मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होते. अंगणवाडीतल्या माता बैठकीत वजन-उंचीच्या नोंदी झाल्यावर असा एक खेळ करून दाखवायला दहा मिनिटे लागतील, आणि खडूखेरीज काही खर्च नाही.