रंग घेताना विषाचीही चौकशी करा

आम्ही कापडाचे व्यापारी रंगाईला माल देताना तीन गोष्टी विचारतो. भाव काय, रंग पक्का आहे का आणि उधारी किती दिवसांची? हा रंग पाण्यात गेल्यावर काय करील, हे मात्र आम्ही विचारत नाही.

न विचारल्याची किंमत उल्हासनगरने मोजली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधील रसायन वालधुनीत सोडले गेले आणि शेकडो लोकांना इस्पितळात न्यावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नदीप्रदूषणाबद्दल सामूहिक सांडपाणी केंद्रांना व पालिकांना दंड ठोठावला. पुढच्या काही वर्षांत जीन्स धुलाईचे अनेक कारखाने बंद झाले. मालक दुसरीकडे गेले, कारागिरांची रोजी मात्र बुडाली.

नियम असा आहे की, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. पण ही परीक्षा शेवटी होते. मासे मेले तरी कोणत्या रसायनाने मेले, ते त्यातून कळत नाही.

आता ही परीक्षा आधीच घेता येते. ट्राऊट माशाच्या कल्ल्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर रसायन टाकतात आणि एका दिवसात किती पेशी जगल्या ते पाहतात. ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०२१ साली ही पद्धत मान्य केली. यात मासा मारावा लागत नाही. शिवाय संगणकावर नव्या रसायनाची रचना जुन्या विषारी रसायनांशी ताडून पाहता येते. म्हणजे रंग बाजारात येण्यापूर्वीच त्याची घडण बदलता येते. दीर्घकाळाने होणारे सर्व अपाय या पद्धतींतून अजून कळत नाहीत, हे खरे; पण उघड विष तरी आधीच वेगळे काढता येते.

उशिरा कळल्यास काय होते, हे आपण पाहिले आहे. कर्करोगकारक अमाइन सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा आपल्या निर्यातदारांची धावपळ झाली. १९९७ पर्यंत भारतातही ११२ रंग बंद झाले.

लहान धुलाईवाला म्हणेल, रंग आम्ही बनवत नाही. बरोबर आहे. चाचणीचा खर्च रंग बनवणाऱ्याने करावा. अंबरनाथ-बदलापूरच्या रसायन कारखान्यांना हे जड नाही. पण मागणी आपण केली पाहिजे. दहा-वीस व्यापाऱ्यांनी मिळून अट घालावी की, चाचणीच्या कागदाशिवाय माल घेणार नाही. तो कागद मराठीत आणि उर्दूतही मागावा. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे इंग्रजी कागद पाहिला की वाचल्याशिवाय सही करतो.

बाजारातील धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतले धान्य ओले निघाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) व्यापाऱ्याला ते वर ठेवायला सांगितले. मुक्या जिवाला विनाकारण त्रास देऊ नये, हीही त्यांचीच शिकवण आहे. बंधूंनो, आपल्या रंगातील विष झाकून ठेवून केलेली कमाई हलाल कशी म्हणावी, याचा विचार प्रत्येकाने करावा.