दादीचा आरसा

माहेरी वाटणी झाली तेव्हा दादीचा सागवानी चौकटीचा आरसा कोणालाच नको होता. मी आणला. "काच तरी बदलून घे," सासूबाई म्हणाल्या. नाही बदलली. डाग आहेत, असू देत. दादी रोज याच काचेत बघून ओढणी सावरायची.

भगिनींनो, जुन्या आरशावर थेट पाणी मारू नका. ते कडेने मागे उतरतं, मुलामा काळा पडतो. कोरडं मऊ फडकं पुरे. पाठ तर खरवडूच नका. १८३५ मध्ये लीबिग यांनी चांदीचा मुलामा द्यायची रीत शोधली. त्याआधी कथील आणि पारा वापरत, अन् पारा विषारी. ओल धरणारी भिंतही नको.

आमचा खिडकीसमोर टांगलाय. खोली उजळली. सासूबाई बाहेर निघताना हल्ली तिथेच थांबतात.